आपोआप मिटणारा स्टँड

२४ सप्टें., बुध.
रेवतीचा फोन, बेळ्ळंदूरहून. तिच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा माझी इटालियन मोटरसायकल बघायला येणार, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी. विकायची का ते तोवर ठरवा म्हणे. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही ती बाहेरसुद्धा काढली नाही." खरंय. जूनपासून पोर्चमध्येच. बरं म्हणालो.

२८ सप्टें., रवि.
कापड काढून बघितली. वीस वर्षं झाली घेऊन. तेव्हा अख्ख्या जयनगरात दुसरी नव्हती. चालू करून उभी ठेवली की क्लच डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. मालू म्हणायची, "आली तुमची बोहारीण."
आज काही वाटलं नाही. कापड परत घातलं.

३० सप्टें., मंगळ.
उद्या आयुधपूजा. रेवती म्हणते यंदा सण नाही, वर्ष व्हायचंय. सरी, बरं म्हणालो. पण गाडीच्या चाकाखालच्या लिंबाला कोण सण म्हणतं? एकच घेतलं. भाजीवाली अक्का, "ओंदे साका?" एकच पुरे म्हणालो.

१ ऑक्टो., बुध.
गाडी पडली.
हिचा साइडस्टँड स्प्रिंगचा. गाडी सरळ केली की आपोआप मिटतो. इटालियन लोकांनी कुठल्या अकलेने केला देव जाणे. म्हणून दरवर्षी ठरलेलं. मी बसून गाडी सरळ धरायची, मालूने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, मी पुढे ढकलून चिरडायचं. मग तिने चपलेने स्टँड दाबून धरायचा. माझा गुडघा गेल्यापासून हे स्टँडचं काम रोजच तिचं.
आज बसलो, सरळ केली आणि सवयीने म्हणालो, "ठेव."
लिंबू माझ्याच खिशात. ते ठेवायला उतरलो, स्टँड मिटलाय हे विसरून. गाडी डाव्या अंगावर. क्लचची दांडी मोडली, माझी नडगी सोलली. शेजारच्या रावांनी हात दिला, भिंतीला टेकवून ठेवली.
लिंबू जसंच्या तसं. दुपारी वरणात पिळलं.

४ ऑक्टो., शनि.
मेट्रोने पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत. बसण्णा लेथवाला, सुरुवातीपासून ही गाडी तोच बघतो. तुटकी दांडी हातात फिरवली. "मिळत नाही सर. करून देतो. स्वल्प वेळ लागेल."
मग लेथकडे बघत, "साधा स्टँड पण बसवू का? लावला की राहतो. एकट्या माणसाला बरा."
मी एकटा हे त्याला कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाला, "तुम्ही आलात की अम्मांचा फोन यायचा, निघाले का म्हणून. आज आला नाही."
दांडी कर म्हणालो. स्टँडचं बघू.
येताना तंद्रीत आपलं स्टेशन चुकलं, पुढच्याला उतरलो. चालत आलो. नडगी ठणकत होती.

११ ऑक्टो., शनि.
बसण्णा घरी येऊन दांडी बसवून गेला. मूळच्यापेक्षा जाड झालीय. दोघांनी मिळून गाडी स्टँडवर घेतली. साधा स्टँडही पिशवीत आणला होता. "राहू दे सर, इथे." चपलांच्या कपाटावर आहे.
गाडी ठेवायची तर तो बसवायला हवा. बसवला की मालूच्या पायाचं काम संपलं. तो बसवायचा नाही मला. विकायचीही नाही. उद्या पुण्याचा येतोय आणि काय सांगायचं ठरलेलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
आला. बरा आहे पोरगा, काका काका करतो. बसला, गाडी सरळ केली. स्टँड खटकन मिटला. दचकला.
"काका, हा एकट्याने कसा लावायचा?"
"दुसऱ्याने पायाने धरायचा."
"मग तुम्हाला कोण धरतं?"
पाणी आणतो म्हणून आत आलो. नळ सोडला आणि रडलो. जूनपासून पहिल्यांदा. दिवसवाराला कोरडा बसलो होतो, आणि आज एका परक्या पोराच्या प्रश्नाने. बराच वेळ गेला असावा.
तांब्या घेऊन बाहेर गेलो. तो तसाच गाडीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, घामाघूम. खाली कशी ठेवायची ते त्याला माहीत नव्हतं.
तांब्या कठड्यावर ठेवला. चप्पल घातली, मालू उभी राहायची तिथे उभा राहिलो आणि स्टँड पायाने दाबून धरला.
"हं. आता सोड हळूच."