आखाजीला उठायचं की नाही

प्रकाशे, चैत्र वद्य ७, शके १८७०
फार दिवसांनी लिहितो, माफी असावी. कोणाची मागतो कोण जाणे.
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. त्या दिवशी जुने पंच उठतात, गाव नवे बसवतं. तापीचा पूर ओसरला की गाळात पिकं घ्यायच्या वाड्या पंच वाटून देतात, म्हणून सगळ्यांचा डोळा. सुकदेव, माझा थोरला, मुख्य पंच. म्हणतो, यंदा दिवस बरे नाहीत, वर्ष वाढवू. त्याला आम्हा तिघा म्हाताऱ्यांपैकी दोघांची संमती लागते. मी, रघोदादा, दगाआप्पा. आम्ही तिघे मरेपर्यंत या जागेवर. पंचाच्या हातची सुपारी खाल्ली की होकार.
मला हे बरं वाटत नाही. यंदा न उठलेला पुढल्या वर्षी उठेल कशावरून? पोरगा माझा असला तरी.

वद्य ९
घात झाला. जेवण झाल्यावर सुकदेवने सुपारी पुढे केली, मी सवयीने तोंडात टाकली.
'अण्णा, खादी ना? मंग हो म्हनं.'
थुंकून टाकली. उपयोग काय.

वद्य १०
मास्तरांनी पारावर वर्तमानपत्र वाचलं. दिल्लीत राज्यघटनेचा मसुदा झालाय. खालची सभा पाच वर्षांनी आपोआप मोडते. वाढ फक्त मोठ्या संकटात, तीही एका वेळी वर्षाचीच.
रघोदादा : 'मास्तर, संकट शे का नहीं हाई कोन ठरावस?'
मागून कोणी बोललं, 'ज्याले उठनं नहीं तोच.' सगळे हसले. सुकदेव नाही.
वरची सभा मोडत नाही. पण तिच्यातला तिसरा हिस्सा दर दोन वर्षांनी घरी जातो. हे मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं.

वद्य १२
सुकदेवला म्हटलं, सुपारी मागे घेतो. तो म्हणाला, 'तुम्ही तिन्ही जवय मरतस तवयच उठतस. आमले कसाले सांगतस?'
खोटं काय बोलला?
तिघांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक. रघोदादाकडे गेलो. म्हटलं, पंच उठले तर आपल्यातलाही एक उठेल, पहिला मी.
'तू उठना म्हंजे मंग मन्हाच नंबर.' त्याने तंबाखू मळून घेतली. मग म्हणाला, सुपारी खाणार नाही, बाकीचं पाहू.

अमावास्या
गाव म्हणतं खाल्लेली सुपारी परत होत नाही. म्हणजे माझी धरली तर आता सगळं दगाआप्पावर. तो लेकीकडे खांडबाऱ्याला. सुकदेव सकाळीच तिकडे गेला. मीही मागोमाग माणूस धाडलाय. त्याला गाडी मिळाली असेल का? त्याच्याजवळ निरोप दिलाय :
आप्पा, तुमच्या मनात असेल ते करा. पण आखाजीआधी एवढं कळवा, सुपारी खाल्ली की नाही.