उत्तम पालक, म्हणजे पाळक

प्रिय धाकटे,

प्रभूच्या नावे तुला, तुझ्या यजमानांना आणि घरातल्या सर्वांना सलाम. तुझा गुडघा शेकून थोडा ताळ्यावर आला असेल आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील, असं धरून चालते. (करत असलीस तर माफ कर. पण करत नाहीस.) माझी तब्येत विचारशील तर इतकी उत्तम आहे की काल जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढले आणि शेजारीण घाबरून दार उघडून बघायला आली. कारण सांगते, पण क्रमानं सांगू दे.

माझी कादंबरी छापून आली हे तुला ठाऊक आहे. विषयही ठाऊक आहे, कारण गेली सात वर्षं मी तुला दुसऱ्या कशाबद्दल बोलूच दिलेलं नाही : एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा तरुण पाळक, त्याच्यावर रुसून उपासनेला यायचा बंद झालेला सुतार आणि त्या एका माणसासाठी पाळकाने केलेली पायपीट. नाव ‘उत्तम पाळक’. आतल्या पानांची मुद्रितं मी तीनदा तपासली. एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. मुखपृष्ठ मात्र प्रकाशकाने मला दाखवलं नाही, ‘तुम्हाला आनंदाचा धक्का देऊ’ म्हणून. धक्का बसला. गठ्ठा सोडला तर प्रत्येक प्रतीवर ठळक अक्षरांत ‘उत्तम पालक’! चित्रकाराने तेच वाचून चित्रही काढलेलं : आई, बाप, मध्ये झोके घेणारं मूल. (माझा पाळक शेवटच्या प्रकरणापर्यंत अविवाहित आहे.)

मी शाईचा जाड पेन घेऊन तडक प्रकाशकाच्या कचेरीत गेले आणि एकेका ‘ल’चा ‘ळ’ करायला बसले. तो हातच धरायचा बाकी राहिला. म्हणाला, “बाई, पेन ठेवा. पुस्तक खपतंय!” माझी पुस्तकं खपत नाहीत, धाकटे, ती भेट दिली जातात. शिवाय ही आवृत्ती पडून राहिली तर कपाटातला दुसरा भाग मी छापणार नाही, असं त्याने मला आधीच बजावलेलं होतं. तेव्हा मी पेनाला टोपण लावलं. (लावलं, खिशात ठेवलं नाही.)

मग पत्रं येऊ लागली. एका आईने लिहिलं की सुताराच्या जागी तिने आपला मुलगा धरला आणि पाळकाच्या जागी नवऱ्याला धरून पाहिलं, पण ते काही जमेना. एका आजोबांनी हरवलेल्या मेंढराचं प्रकरण सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. सून हल्ली बोलत नाही. आणि एका सद्‌गृहस्थांनी कळवलं की पुस्तक भाषेच्या दृष्टीने बरं आहे, मात्र वाफे किती अंतरावर घालावेत आणि पाणी किती द्यावं, याचा उल्लेख शेवटपर्यंत सापडला नाही. त्यांना मी सविस्तर उत्तर पाठवलं. पालकाची भाजी मी खाते, पण तिच्यावर चारशे पानं लिहिणार नाही.

अशात एका शाळेने पालकसभेत भाषणाला बोलावलं. मी! जिने आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नाही! प्रकाशकाने बजावलं, गोड बोला, नावाचा खुलासा करू नका, दुसरा भाग तुमच्याच हातात आहे. मी रात्रभर प्रार्थना केली, असं लिहिलं असतं. पण खरं म्हणजे दहा मिनिटं केली आणि झोपले, कारण उत्तर लगेच मिळालं होतं. सभागृह गच्च भरलेलं. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की हे पुस्तक तुमच्याबद्दल नाही, पाळकाबद्दल आहे. अक्षर चुकलंय, ज्यांना जायचं त्यांनी जावं. प्रकाशकाने पहिल्या रांगेत डोळे मिटून घेतले. कुणी हललं नाही. मागून एक बाप ओरडला, “बाई, आमच्याकडे तरी दुसरं काय आहे? मेंढरंच आहेत! तुम्ही बोला!” मी बोलले. धाकटे, सभागृह जिंकलं! लोक उभे राहिले, प्रती संपल्या, आणि प्रकाशक दुसऱ्या भागाचं हस्तलिखित माझ्या घरी येऊन स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेला. मुखपृष्ठ मी पाहिल्याखेरीज छापणार नाही, हे त्याच्याकडून दारातच वदवून घेतलंय.

बाकी सर्व क्षेम. व्यायाम कर.

तुझी,
ताई

ता. क. सभागृह जिंकलं म्हणून वर लिहिलंय, ते तितकंसं नीट लिहिलेलं नाही. भाषण होईपर्यंत लोक घड्याळं बघत होते. मग एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “मेंढरू हाक मारल्यावर येतं तरी. माझी मुलगी खोलीचं दार उघडत नाही. मी काय करू?” कादंबरीत उत्तर नव्हतं. मी शोधलं, उभ्याउभ्या. मग तुझ्या थोरलीची गोष्ट सांगितली. शाळेला जायचं नाही म्हणून ती पलंगाखाली जाऊन बसली होती, आणि मी बाहेरून शिस्तीवर बोलत असताना तू निमूट पदर खोचून आत सरपटत गेलीस आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाहीस. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. लोक उभे राहिले ते तेव्हा.

दुसरा ता. क. त्या बाईने विचारलं, तिथे आत तुमची बहीण तिच्याशी काय बोलली? मी म्हटलं, मी बाहेर होते, मला ठाऊक नाही. माझी बहीण येत्या शनिवारी स्वतः येऊन सांगेल. शाळेने फलकही लावलाय. तुझं नाव, खाली ‘उत्तम पालक’. मी नीट वाचून पाहिलं, अक्षर बरोबर आहे. तिची गोष्ट तू सभेत सांगितलीस तर चालेल का, हे थोरलीला फोन करून विचारलंय; ती हसली आणि हो म्हणाली. गुडघ्याची सबब चालणार नाही, खुर्ची ठेवायला सांगितली आहे.

तिसरा ता. क. शुक्रवारीच ये. काय बोललीस ते आधी मला घरी सांग. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं; आता सभागृहात सगळ्यांबरोबर ऐकायची माझी तयारी नाही.