न्यायाधीश टोलमनसाठी प्रार्थना

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा दातांचं निमित्त. दर शुक्रवारी डोंगरापलीकडे डेंटिस्टकडे जाणारी बाई — चर्चच्या मंडळीच्या समजुतीप्रमाणे माझ्या तोंडात एव्हाना एकही दात उरला नसेल! पण पास्टरच्या बायकोला कुणी खोदून विचारत नाही. या पदाचा तेवढाच काय तो फायदा.

लाइलची लघवी आजही स्वच्छ निघाली. आईने पोराबद्दल लिहावं असं हे वाक्य नव्हे, पण वर्षभरात मी याहून गोड काही ऐकलेलं नाही. न्यायाधीश टोलमन एकेकाला पुढे बोलावतो. सगळी नशेच्या गोळ्यांपायी वाया गेलेली पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर तुरुंगाची शिक्षा टांगलेली. दर शुक्रवारी तपासणी द्यायची, कोर्टाने दिलेल्या वसतिगृहात राहायचं, कामावर जायचं, खोटं बोलायचं नाही. तेवढं निभावलं की शिक्षा माफ. लाइलची मुदत मार्चमध्ये संपेल.

"प्रुइट, झोप लागते का?"

"लागते, साहेब."

"आणि जेवण?"

"आमच्या वसतिगृहातल्या त्या पदार्थाला जेवण म्हणत असतील, तर जेवतो."

कोर्ट हसलं. टोलमनही हसला. माझ्या पोराने विनोद केला! परत येताना गाडी बाजूला घेऊन रडून घेतलं.

इथे सगळ्यांना ठाऊक आहे की लाइल ओहायोत टायरच्या कारखान्यात कामाला आहे. माझ्या नवऱ्याने, कॉयनेच सांगितलंय. उपदेशातून नाही, चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून. पायऱ्यांवरचं खोटं बहुधा हलकं धरतात.

५ ऑक्टोबर, रविवार

न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत बुफर्ड कॅटलेट टोलमनच्या विरोधात उभा राहतोय! आमच्या चर्चचा कारभार बघणारा डीकन, वकील, गायकवृंदात माझ्यामागेच उभा राहून बेसूर गाणारा. चर्चच्या जेवणात उभा राहून म्हणाला, "तुरुंग म्हणजे तुरुंग. गुन्हेगारांचे लाड पुरवणारं ते शुक्रवारचं कोर्ट मी बंद करणार." टाळ्या. मी हातात बीन्सचं भांडं घेऊन उभी होते, म्हणून टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

मग त्याची बायको व्हर्ना, आवाज खाली आणून पण सगळ्यांना ऐकू जाईल असा — "आणि तो टोलमन मॉर्मन पंथाचा आहे, माहितीय ना? त्यांचा येशू आपला येशू नव्हे."

तुरुंगापेक्षा हे जास्त लागलं लोकांना.

७ ऑक्टोबर

कॉयशी भांडण. हळू आवाजातलं, कारण पास्टरच्या घराच्या भिंतींनाही मंडळीचेच कान.

मी म्हटलं, "दात काढणाऱ्याचा बाप्तिस्मा कुठे झाला हे आपण विचारतो का?"

"तुझे दात कोण काढतं ते मला माहीत आहे, आर्डिथ."

मग तोच पुढे बोलला. कॉय मूर्ख नाही, हे त्याच्याशी भांडताना मी नेहमी विसरते. म्हणाला, "टोलमन वाईट माणूस असता तर मला काळजीच नव्हती. तो चांगला आहे, हीच पंचाईत. माणूस चांगला, म्हणजे त्याची शिकवणही चांगली असणार, असं लोक धरून चालतात. त्यांचा देव, त्यांचा पुत्र, काहीच आपल्या शिकवणीशी जुळत नाही. कळपातली चार पोरं त्याच्या मागे गेली तर वर जाऊन मी काय जाब देऊ?"

"आणि आपलं पोर?"

"आपल्याच पोराबद्दल बोलतोय मी."

मी चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलंय, तारण कशाने होतं ते मला पाठ आहे. पण माझं पोर वर्षभर जिवंत आहे ते टोलमनमुळे, आणि हे मी कुठल्या धड्यात बसवू?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

स्वच्छ.

मी थर्मासमधून कॉफी नेली होती. लाइल म्हणाला, "नको आई, सोडली." टोलमन पीत नाही, त्यांच्या पंथात चालत नाही. गोळ्या सोडल्या तेव्हा नाचले होते, आणि कॉफी सोडली म्हणून घाबरले! काय बाई आहे मी.

२० ऑक्टोबर

सकाळी व्हर्नाचा फोन. प्रार्थनेची साखळी सुरू कर म्हणाली.

साखळीतली पहिली मी. मी एकीला फोन करते, ती पुढचीला, असं करत सगळ्या बायकांपर्यंत पोचतं, आणि शेवटची मला उलटा फोन करून वाचून दाखवते. स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, हा नियम. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवरा खाणीत अडकला — सगळं याच वाटेने देवाकडे जातं. आणि देवाकडे जाता जाता सगळ्या गावाला कळतं, हेही खरं. ज्याला स्वतःवर चहाडीचा आरोप नको असेल, त्याने प्रार्थनेची विनंती करावी.

व्हर्ना म्हणाली, "ख्रिस्त नाकारणाऱ्याच्या हाती आपला जिल्हा जाऊ नये, अशी प्रार्थना कर."

मी शब्द बदलले. "न्यायाधीश निवडताना देवाने आपल्याला शहाणपण द्यावं. न्यायाधीश टोलमन आणि त्यांच्या कुटुंबासाठीही प्रार्थना करा." केवढी हुशारी केल्यासारखं वाटलं!

२१ ऑक्टोबर

साखळी परत आली. शेवटी ओपल स्टिडम असते, बिचारी ऐकेल ते इमानदारीने वाचते — "न्यायाधीश टोलमन यांच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, कारण यूटामध्ये त्यांची आणखी एक बायको आणि मुलं टाकून दिलेली आहेत."

माझ्या तोंडून गेलेलं वाक्य! 'कुटुंब' म्हटल्यावर कुणीतरी विचारलं असेल — का बरं, काय झालं कुटुंबाला? कुणीतरी उत्तर दिलं असेल, मॉर्मन म्हटलं की लोकांना यूटा आणि अनेक बायकाच आठवतात. विनाकारण कुणासाठी कुणी प्रार्थना करायला सांगत नाही, हे मला कळायला हवं होतं. आणि पास्टरच्या बायकोकडून आलेली विनंती म्हणजे खरीच असणार.

साखळी पुन्हा सुरू करून खोडून टाकता येईल. "हे खोटं आहे, त्याला एकच बायको आहे." पण मग विचारतील, आर्डिथ, तुला गं कसं ठाऊक?

२३ ऑक्टोबर

फोनकडे बघत बसले. उचलला नाही.

२९ ऑक्टोबर

दुकानात टोलमन भेटला. पिठाच्या पोत्यांपाशी समोरासमोर. कोर्टात मी कायम मागच्या बाकावर, पण त्याने ओळखलं. लाइलचं नाव मात्र काढलं नाही. आजूबाजूला आमची माणसं होती. माझी लाज त्याने राखली.

"मिसेस प्रुइट," टोपी काढून म्हणाला, "ऐकलं असेल तुम्ही. मला दोन बायका आहेत म्हणे. जी एक आहे तिलाच मी झेपत नाही, दुसरीला कोण तयार होणार?"

हसत होता, पण बारीक झालाय. शेजारी उभी असलेली त्याची बायको हसत नव्हती.

तिथेच सांगायचं होतं — माझ्याकडून सुरू झालं ते. मी म्हणाले, "थंडी फार लवकर पडली यंदा." तो म्हणाला, "हो ना." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तर इथे दाबणारा हातही माझाच.

२ नोव्हेंबर, रविवार

कॉयचा उपदेश खोट्या संदेष्ट्यांवर. टोलमनचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टोलमनला मत दिलं. केंद्राबाहेर ओपल भेटली. माझा हात धरून म्हणाली, "मला त्याचं कोर्ट आवडायचं गं. माझ्या भाचीला वाचवलं त्याने. पण टाकलेल्या बायकोचं तुझ्याकडून कळल्यावर मन होईना."

माझं मत एक. माझ्यामुळे गेलेली किती, ते देव जाणे.

५ नोव्हेंबर

बुफर्ड निवडून आला. थोडक्यात. व्हर्नाने फोन करून साखळीचे आभार मानले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

टोलमनचं शेवटचं कोर्ट. ज्यांची मुदत पुरी झाली त्यांना त्याने सोडलं. उरलेल्यांना सरळ सांगितलं, "पुढे काय होईल याचं वचन मी देऊ शकत नाही." बाहेर पडवीत त्याला गाठलं. लाइलबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, "लाइलचे थोडेच महिने राहिलेत. आजच सोडा की, साहेब!"

"तो अजून तयार नाही, मिसेस प्रुइट. तुम्हालाही ठाऊक आहे."

चिडले. मनात म्हटलं, मॉर्मन तो मॉर्मनच! माझ्या मनातून ते किती सहज आलं.

मग म्हटलं, "ती यूटाची गोष्ट माझ्याकडून निघाली." तो रागावला, दिसत होतं. मग म्हणाला, "माझ्या मुलीला शाळेत विचारतात, तुझी दुसरी आई कुठेय." आणि गेला. माफ केलं म्हणाला नाही. मला वाटत होतं म्हणेल.

६ जानेवारी

बुफर्डने शपथ घेतली. कोर्ट बंद. उरलेल्या सगळ्यांनी सोळा तारखेला हजर व्हायचं आणि आपापली शिक्षा भोगायची. लाइलची तीन वर्षं.

८ जानेवारी

बुफर्ड आणि व्हर्ना घरी आले, सफरचंदाचा केक घेऊन. बुफर्डने यादीत लाइलचं नाव वाचलंय. मला वाटलं आता पडदा फाटला. पण तो कॉयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रदर प्रुइट, मला आधी का नाही सांगितलंत? आपलाच पोरगा. त्याची शिक्षा मी माफ करतो. कुणाला कळायचं कारण नाही."

कॉय रडला. चाळीस वर्षांत मी त्याला असा रडताना पाहिलं नाही.

मी विचारलं, "आणि तपासणी? शुक्रवार?"

"कसली तपासणी, सिस्टर! घरी येईल, चर्चला येईल."

"बाकीची पोरं?"

"ती आपली नाहीत ना."

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि मी काय केलं? केक कापला. सगळ्यांना वाढला. देवा, मला आनंद झाला होता.

१३ जानेवारी

लाइलला फोनवर सांगितलं. "घरी ये, बाळा." तो म्हणाला, "घरी कोण तपासणार मला?" मी म्हटलं, "आम्ही आहोत ना." म्हणाला, "तुम्ही तर मला ओहायोला पाठवलंय."

१६ जानेवारी, शुक्रवार

लाइलने माफी घेतली नाही. भर कोर्टात म्हणाला, "न्यायाधीशसाहेब, मी पास्टर प्रुइटचा मुलगा. या बाकीच्यांना जे, तेच मला द्या." बुफर्डचा चेहरा उतरला. तीन वर्षं. कॉय कुणाकडेही न बघता निघून गेला. बेड्या घालत होते तेव्हा मी पुढे गेले. "का रे?" तर म्हणाला, "आई, तपासणीशिवाय घरी आलो असतो तर गोळ्या पुन्हा सुरू, आणि वसंत ऋतू यायच्या आत तू मला पुरलं असतंस."