उंबऱ्याकडं आलेलं दूध

आई,

वारूळवाडीचं माझं स्वयंपाकघर अखेर नवं झालं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मोरी, फरशी, नळ असलं काही बोलायचं म्हटलं की मला अजून तूच लागतेस. बाकीचे लोक फक्त टाईलचा रंग विचारतात.

तुझं स्वयंपाकघर झालं तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शिनोलीत घराघरांत चुली जाऊन उभे ओटे येत होते आणि तुलाही खाली बसून भाकरी थापायचा कंटाळा आला होता. माझा धाकटा दीर तेव्हा नुकताच बांधकामाची कामं घ्यायला लागला होता. मग काम दुसऱ्या कुणाला देणार? सोयऱ्याला डावलून बाहेरचा गवंडी आणला असता, तर सासरी त्याचा जाब मला द्यावा लागला असता. घोडेगावच्या बाजारात एक मडकं घ्यायचं तर तू सगळी रांग वाजवून बघायचीस. कुंभार वैतागून म्हणायचा, "मावशी, मडकं न्यायचंय का त्याचं लगीन लावायचंय?" तीच तू, दिराच्या कामाला मात्र एकदाही बोट लावून पाहिलं नाहीस. पावण्याचं काम कसं वाजवून बघणार? तू त्याला पुरणपोळी वाढलीस, वर तूप वाढलंस आणि "बेस चाललंय, पावणं" म्हणत राहिलीस.

काम झाल्यावर दूध उतू घातलं तो दिवस मला लख्ख दिसतो. नव्या ओट्यावर शेगडी पेटली आहे, पातेलं काठोकाठ भरलंय. सासूबाई आणि दीर मुद्दाम आले आहेत, शेजारणी दारात दाटल्या आहेत. दूध उतू जातं, ओट्यावरून खाली फरशीवर येतं. कोपऱ्यात मोरी आहे, त्यानं तिकडं जायला हवं. ते वळतं आणि सरळ उंबऱ्याकडं, तुझ्या पायाशी येतं. सासूबाई टाळी वाजवतात, "बघा विहीणबाई, लक्ष्मी घरात शिरली!" सगळे हसतात. तू फरशीकडं बघतेस, मग माझ्याकडं बघतेस, मग वाकून त्या दुधाचं बोट कपाळाला लावतेस. फरशीचा ढाळ, पाण्याचा उतार, उलटा पडलाय, हे त्या घोळक्यात तुला एकटीला कळलं होतं.

पुढं तू जगलीस तोवर भांडी घासली की पाणी घरात यायचं. मोरीच्या तोंडाशी तू गोणपाट गुंडाळून ठेवायचीस, ते भिजलं की पिळायचीस, पुन्हा ठेवायचीस. सततच्या ओलीनं तुझ्या पायांना चिखल्या झाल्या. दिरानंच आणलेल्या चकचकीत नळाचे वर्षभरात पोपडे निघाले, आतून प्लास्टिक डोकावायला लागलं, त्याला तू सुतळी बांधलीस. मी एकदा भडकून म्हणाले, मी भाऊजींना सांगतेच आता. तू हातातलं पोतं टाकून अंगावर आलीस. "खबरदार! मोरीचं पानी मी पुसीन. तुज्या डोळ्याचं तिकडं कोन पुसनार?" तेव्हा मला तुझा राग आला होता. 

यंदा माझ्या स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा दीर आपणहून आला. आता मोठा कंत्राटदार आहे, लोक मान देतात. "वहिनी, घरचंच काम, बाहेर कशाला द्यायचं?" मी मनाशी ठरवलं होतं, माणूस कुणीही असो, त्याचं जुनं काम डोळ्यांनी पाहायचं. तसं म्हणाले, तर तो हसायला लागला. "तुमच्या माहेरच्या कामापरीस आनखी काय दाखवू? नवं गिऱ्हाईक आलं की मी तुमच्या आईकडंच धाडायचो. त्यांनी कधी वाईट शबूद काढला न्हाई."

आई, माझ्यासाठी तू गप्प राहिलीस एवढंच मला माहीत होतं. लोक तुझ्या दारात येऊन विचारत होते आणि तू ओल्या पायांनी उभी राहून "बेस हाय" सांगत होतीस, हे माहीत नव्हतं. तुझ्या शब्दावर किती बायकांच्या अशाच मोऱ्या झाल्या असतील!

मी त्याला शिनोलीला घेऊन गेले. तुझी सून तेच करत होती, गोणपाट पिळत होती. दीर उंबऱ्यात उभा राहिला, पायात मोजे. मी गोणपाट बाजूला केलं आणि मोरीत कळशी ओतली. पाणी वळलं, सावकाश आलं आणि त्याचे मोजे भिजले. आता तो दोष मजुरावर ढकलणार, असं मला वाटलं.

"कवापासनं असं हाय?" त्यानं विचारलं.

"पयल्या दिवसापासनं. ती लक्ष्मी आलती ना, तवापासनं."

तो ओल्या मोज्यांनिशी उंबऱ्यावर बसला. "मला कुनीच कसं बोललं न्हाई, वहिनी? मी तर समद्यांच्या अशाच केल्या की." मी त्याला लबाड समजत आले होते. त्याला पोळी मिळाली, तूप मिळालं, आणि चूक तेवढी कुणी वाढली नाही. मला त्याची कीव आली, आणि तुझीही.

तुझी फरशी त्यानंच उखडून नव्यानं बसवली. मग माझं काम मी त्यालाच दिलं, पण टाईल लावायच्या आधी सगळ्यांसमोर कळशी ओतायची या अटीवर. सासूबाई म्हणाल्या, "घरच्या मान्सावर भरवसा न्हाई व्हय?" मी म्हटलं, "भाऊजींवर हाय, ढाळावर न्हाई." दिरानं स्वतः दुसरी कळशी भरून आणली. नळ मात्र मी नारायणगावात जाऊन एकेक हातात तोलून घेतले, पक्की पावती घेतली. त्यानं आणलेला चकचकीत नळांचा खोका परत पाठवला. 

परवा दूध उतू घातलं. ते ओट्यावरून उतरलं आणि नीट मोरीत गेलं, एक थेंब इकडं तिकडं नाही. दिरानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही परीक्षेत पास झाला. सासूबाई पुटपुटल्या, "लक्ष्मी गेली वाहून." मी हसले.

हा कागद मी नव्या फडताळात डब्यांमागं ठेवून देणार आहे, दुसरं कुठं पाठवू? फक्त एवढं तुला सांगते. सगळं पारखून, पाणी ओतून खात्री केली होती, तरी दूध वर यायला लागलं तेव्हा मी चपला काढून, तू उभी होतीस तशी, उंबऱ्यात जाऊन उभी राहिले होते.