ते आईने सांगितलं नव्हतं

बाबा, साहेबांची ती गोष्ट आईने बाहेर फोडली नव्हती. मी फोडली होती. तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली, तेव्हा हे कळून तुमचं काही बिघडणार नाही, सुधारणारही नाही.

तुम्ही नाटकात रंगभूषा करायचात आणि ज्यांना रंगवायचात त्या नायकावर, तुमच्या साहेबांवर, निम्मं पुणं जीव टाकायचं. त्यांनी बंगला कुठे घेतला, बायको दोन महिने माहेरी का राहिली, मुलगी कुठल्या कॉलेजात जाते, हे सदाशिव पेठेतल्या आम्हा मुलींना पाठ होतं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून त्यांचे फोटो चिकटवलेले होते, आणि तुम्ही त्या चेहऱ्याला हात लावून घरी यायचात. अकरावीत मी तीन मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात रंगमंचामागे घेऊन आले. तुम्ही मेकअपच्या खोलीच्या दारात उभे होतात, हातात ओला स्पंज. आतून साहेबांनी विचारलं, "कोण आहे?" तुम्ही सरळ माझ्याकडे बघत म्हणालात, "कोणी नाही. सह्या मागणाऱ्या पोरी आहेत." आणि दार लावून घेतलंत. घरी आल्यावर मी रडत होते, तर म्हणालात, "कामाच्या जागी मला मुलगीबिलगी नाही. लक्षात राहील, का लिहून देऊ?"

पुढे एका रविवारी सकाळी तुम्ही मोरीत बसून कामाचे टॉवेल धूत होतात. आई म्हणाली, "द्या इकडे, मी धुते." तुम्ही दिले नाहीत. इतके टॉवेल का लागतात आताशा, असं तिने विचारल्यावर तुम्ही हातातला टॉवेल पिळून ठेवलात आणि सांगितलंत. साहेबांच्या हातांवर कोड आलं होतं, ते गळ्यावरून हनुवटीपर्यंत चढलं होतं, आणि दोन रंग मिसळून त्यावर थर देणं एकट्या तुम्हाला जमत होतं. "हे आपल्या तिघांतच राहील," तुम्ही म्हणालात. "त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचंय." आई लगेच हो म्हणाली. मीही म्हटलं.

मग मी हिंजवडीला नोकरीला लागले. कंपनीच्या बसमध्ये सगळे इंग्रजीत बोलायचे, मी खिडकीतून बाहेर बघायचे. मला तिथे कोणी विचारत नव्हतं. पण इंटरनेटवर साहेबांच्या चाहत्यांचा एक गट होता, आणि तिथे टोपणनावाने मी लिहिलं की लोक वाट बघितल्यासारखे गोळा व्हायचे. प्रयोगाआधी ते काय खातात, कुठल्या प्रवेशाला त्यांना घाम फुटतो, सगळं मला माहीत असायचं, कारण तुम्ही जेवताना बोलायचात. मग तिथे एक बाई आली. आपण त्यांच्या बंगल्यासमोर राहतो म्हणाली. लोक तिच्याकडे वळले. एकदा तिने माझ्याबद्दल लिहिलं, "ह्या बाईंना तिसऱ्या रांगेचं तिकीट तरी मिळालंय का कधी? फेकायला काय जातंय." खाली बाकीचे हसले. जेवणाच्या सुट्टीत मी चार ओळी लिहिल्या. साहेब उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे शर्ट का घालतात, ते शेजारीणबाईंना माहीत असेलच, अशी सुरुवात केली आणि मग उरलेलं सगळं सांगून टाकलं. चहा पिऊन परत आले तर पडदाभर उत्तरं होती. बाबा, त्या दिवशी मला फार छान वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातल्या दुपारच्या प्रयोगात नायिकेने साहेबांचा हात हातात घेतला आणि बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "बाई, घरी जाऊन हात धुवा." लोक हसले. प्रयोग संपल्यावर साहेबांनी आरशातूनच तुम्हाला सांगितलं, "माझ्या घरच्यांशिवाय हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. उद्यापासून येऊ नका." बावीस वर्षांनंतर एवढंच. तुम्ही घरी आलात. आई पोळ्या लाटत होती. साहेब केस रंगवतात, हे तिने पूर्वी एकदा भजनी मंडळात सांगितलं होतं, त्यामुळे तुम्हाला दुसरं कोणी सुचलंच नाही. तुम्ही म्हणालात, "झालं समाधान? आता मंडळात सांगा, नवरा घरी बसलाय म्हणून." ती म्हणाली, "मी कोणाला बोलले नाही हो." मग तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी ताटं घेत होते. मी ताटं घेत राहिले.

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही तिच्या हातचं जेवला नाहीत. स्वतःचा भात स्वतः लावायचात, आणि पाहुणे आले की हसून सांगायचात, "आमच्याकडे बातम्या छान मिळतात. जेवणाचं ज्याने त्याने बघायचं." ती रोज तुमचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच शिळं स्वतः खायची. साहेबांचं मात्र काही अडलं नाही. वर्षभरात त्यांनी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फोटो काढून मुलाखत दिली. पुढच्या प्रयोगाला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुलीचंही लग्न झालं. 'तुमच्या धैर्याला सलाम' असं मीही गटावर लिहिलं. तुम्हाला त्यांनी परत बोलावलं नाही, आणि शेवटी दवाखान्यात आईने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत. मग तो पेला मी घेतला, आणि माझ्या हातून तुम्ही प्यायलात.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर आई भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तूच लिहिलं होतंस ना गं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय, आई." ती म्हणाली, "बरं," आणि पुढचं भांडं उचललं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

ती आता माझ्याकडे असते. आत्ता बाहेरच्या खोलीत बसली आहे, तिला ऐकू नीट येतं, आणि हे सगळं तिला वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरतील. मघाशी मी कागद घेऊन उठलेही होते. दारापर्यंत गेले, आणि हे ऐकून ती मामाकडे राहायला निघून गेली तर माझ्या मुलीला शाळेतून आणायचं कोणी, हा विचार माझ्या मनात सगळ्यात आधी आला.