बाबांचा डावा कान

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सीडी प्लेअर पोचला. किंमत सांगितली नाहीस तरी झाकण हातात घेताच कळली. बटणं खुळखुळतात, असं तुझ्या भावाने लगेच जाहीर केलं. बाबांनी त्याला गप्प केलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. दिवसभर खालीवर करून त्यांनी निकाल दिला: कवच हलकं आहे, पण तबकडी डगमगत नाही, आवाज स्वच्छ आहे.

मग हेडफोन उतरवून हळूच म्हणाले, फक्त डाव्या कानाला काही ऐकू येत नाही.

तापात त्या कानाला दडा बसला होता, हे तुला ठाऊक आहेच. टिकटिक ऐकून घड्याळाचं दुखणं ओळखणारे बाबा आता गिऱ्हाइकांना परत पाठवताहेत. दुकान कुणाला तरी देऊन टाकू म्हणतात. एखादं घड्याळ तरी डाव्या कानाशी धरून बघा म्हटलं, तर म्हणाले, कळायचं ते कळलंय. डॉक्टरांचं नाव काढलं की पेपर तोंडासमोर धरतात. काय करू ते कळव.

तुझी वहिनी

७ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस, सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसच्या जिन्यातच दोनदा वाचलं. मग डोकं चालायला लागलं. घड्याळ मागे पडतं म्हणून कुणी आलं, तर बाबा आधी त्यालाच विचारतात, चावी दिली होती का. त्यांच्या लेखी यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. म्हणून एक कर. हेडफोन उलटा घालायला लाव, डावी वाटी उजव्या कानावर. उजव्या कानालाही ऐकू आलं नाही, तर खोट यंत्रात. नाहीतर मी रजा काढून येते आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेते.

आणि घरात चार कान धडधाकट असताना एकालाही तो हेडफोन लावून पाहावासा वाटला नाही? दादाचं समजू शकते. तू तरी वहिनी.

बाबांना शि. सा. न. माया आहेच, पत्रही लवकर येऊ दे.

तुझी चिमणी

१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

सुचलंच नाही बघ. त्यांनी कान गेला म्हटलं आणि मी रडत बसले.

हेडफोन उलटा घातला. उजव्या कानाला एकदम शांतता, आणि डाव्यात गाणं. बाबांनी तो पुन्हा सुलटा घातला, पुन्हा उलटा.

तुझा प्लेअर बिचारा निर्दोष निघाला. घरात आलेलं कुठलंही यंत्र आधी उघडून पुसायचं, ही बाबांची रीत. आम्ही बाजारात गेलो असताना त्यांनी तेच केलं, आणि डाव्या बाजूची बारीक तार निसटली. आपल्या हातून असं झालं म्हणून एरवी दोन दिवस जेवले नसते. काल शेजारच्या शिंप्याला बोलावून ती तार कौतुकाने दाखवली. आता जोडली आहे. वरचे सूर किंचित टोचतात, पण या किमतीत तक्रार नाही, असं तुला कळवायला सांगितलंय.

आज दुकान उघडलं. मी चहा घेऊन गेले, तेव्हा एक बाई मनगटी घड्याळ घेऊन आल्या होत्या. बाबांनी ते डाव्या कानाला लावलं आणि काही केल्या खाली घेईनात. बाई घाबरल्या, फार बिघडलंय का विचारू लागल्या. मीच त्यांना सांगितलं की नाही, ते नुसतं ऐकताहेत.

अशीच जीव लावत राहा.

तुझी वहिनी