एका वेळी एकच पान

३ फेब्रुवारी

मेकॅट्रॉनिक्सचा पहिला तास! शब्दाचा संधी सोडवून पाहिला – यंत्र अधिक इलेक्ट्रॉनिक्स. वर्गात सगळे विशीतले. मी शिरलो तर दोघं उठून उभे राहिले – शिक्षक समजून. खऱ्या शिक्षिका माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, हे कशासाठी शिकताय?" म्हटलं, बायकोला पुस्तकाची पानं उलटून हवीत.

संधिवातानं तिची बोटं आखडली आहेत. जन्मभर पुस्तकांची मुद्रितं तपासली तिनं. मी पान उलटायला बसलो तर म्हणते, "दर पानाला तुम्हाला हाक मारण्यापेक्षा न वाचलेलं बरं." राज्य गेलेल्या राणीसारखी नुसती भिंतीकडे बघत बसते. बघवत नाही.

११ फेब्रुवारी

सेन्सर म्हणजे ज्ञानेंद्रियं, मोटर कर्मेंद्रिय, मधला कंट्रोलर मन – वर्गात ऐटीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "वा! आता ती उलटी जोडलेली तार काढा. धूर येतोय."

२ मार्च

पानं उलटायचं यंत्र उभं राहिलं! रबरी चाक पान उचलतं, दांडी ते पलीकडे टाकते. पण एकदम दोन-दोन! बायको : "रहस्यकथेला उत्तम. खुनी लवकर सापडेल."

९ मार्च

सुचलं! उचललेल्या पानाच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा सेन्सर. दोन पानं असली की उजेड कमी पोचतो. मग चाकानं ती सोडून पुन्हा उचलायचं. वर्कशॉपमध्ये अख्खं प्रकरण बिनचूक उलटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

१० मार्च

घरी आणलं. पुन्हा दोन-दोन. बायको पुन्हा भिंतीकडे वळली. तेच लागलं.

१२ मार्च

बाई : "घरी ठेवलंय कुठे?" खिडकीशी. "मग तो सेन्सर दिवा कशाला बघेल, काका? तो ऊन बघतोय!"

त्याला काळ्या पुठ्ठ्याचं टोपडं केलं.

१३ मार्च

जिंकलो! ती कोपरानं बटण दाबते – टक्, सर्र – एक पान. फक्त एक! दुपारभर मी दाराआड कान देऊन. एकही हाक नाही. शेवटी चहा घेऊन गेलो. "मध्ये मध्ये येऊ नका हो." असा अपमान रोज होवो!

२० मार्च

आठवडाभर काय वाचत होती, ते आज कळलं : माझं पाठ्यपुस्तक. "अहो, चाक फार दाबतंय तुमचं. दोन पानं मुळात उचलतंच कशाला?" चाकाची स्प्रिंग सैल केली. खरंच की!

पुढच्या तुकडीत एकच जागा होती. तिच्या नावानं घेतली. शेजारी बसून स्क्रू मी फिरवीन; कुठला, ते ती सांगेल.